तांबड्या शाईची मदत

टेलरबाईंची चूक एकच झाली. दाढ काढायला जाताना त्यांनी नवऱ्याला घरात एकटं ठेवलं.

तशी काळजी त्यांनी घेतली होती. गॅस बंद, इस्त्री कपाटात, मोठी कात्री कुलपात, मशीनची सुईसुद्धा काढून ठेवलेली. (एकदा ‘जरा चालवून बघतो’ म्हणून नवऱ्याने टेबलक्लॉथ स्वतःच्या बाहीला शिवून घेतला होता, तेव्हापासूनची ही पद्धत.) जे जे पेटतं, टोचतं किंवा कापतं ते सगळं हाताबाहेर ठेवलं. तांबड्या शाईचं पेन तेवढं राहून गेलं.

नवरा सरकारी खात्यात तपासनीस होता. छत्तीस वर्षं दुसऱ्यांनी भरलेल्या अर्जांवर तांबड्या शाईने ‘चूक’ लिहायचं आणि खाली सही ठोकायची, एवढीच नोकरी. माणूस निवृत्त होतो, हात होत नाही. लेक परगावी होती तोवर तिचं पत्र आलं तरी ते चुका काढून, सही करून तिलाच परत पाठवायचे. सगळी गल्ली त्यांना तपासनीस म्हणायची आणि त्यांना तो मान वाटायचा. गल्लीला काय वाटायचं ते गल्लीने कधी सांगितलं नाही.

आणि टेलरबाईंकडे कोश होता.

तो घरात आला तो वाचायला नव्हे. कोटाची कॉलर बसवली की तिच्यावर वजन ठेवावं लागतं, म्हणून बाईंनी रद्दीच्या दुकानातलं सगळ्यात जाड पुस्तक उचलून आणलं होतं. इंग्रजी शब्दांचा जुना कोश. आज अमुक अर्थाने वापरतात तो शब्द पूर्वी कशाला वापरायचे, हे सांगणारा. बाईंची शाळा चौथीत सुटलेली. इंग्रजी त्या शिकल्या ते दोऱ्याच्या रिळांवरून, मशीनच्या माहितीपुस्तकावरून आणि गिऱ्हाइकांनी आणलेल्या फॅशनच्या मासिकांवरून. एका दुपारी कॉलर दबेपर्यंत हाताला काम नव्हतं म्हणून त्यांनी कोश उघडला, आणि समोर आला क्ल्यू. डिटेक्टिव्हच्या सिनेमात असतो तो. कोश म्हणत होता, क्ल्यू म्हणजे मुळात दोऱ्याचा गुंडा. भुलभुलैयात शिरताना दोरा सोडत जायचं आणि त्याच दोऱ्याने बाहेर यायचं.

परक्या गावात अचानक माहेरचं माणूस भेटावं तसं टेलरबाईंना झालं. त्या दिवशी कॉलर जरा जास्तच दबली.

त्यानंतर अकरा वर्षं हा उद्योग चालला. खाकी कागदावर कपड्याचं माप काढून उरतील त्या कपट्यांच्या चिठ्ठ्या करायच्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, आणि खाली निळ्या शाईत त्याचा जुना अर्थ. पण चिठ्ठ्या लावायच्या कशा? पहिल्या अक्षरावरून लावणं बाईंना कधी पटलं नाही. “कपडा काय गळ्यावरून ओळखतात?” त्या म्हणायच्या. “कापडावरून ओळखतात.” ज्या शब्दांत तीच अक्षरं त्याच क्रमाने सापडतील, ते शब्द एका ताग्यातले. त्यांच्या चिठ्ठ्यांना भोक पाडून एका रंगाच्या दोऱ्यात ओवायचं आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचं.

हिरव्या दोऱ्यात आय-एल-एल. म्हणजे इल, म्हणजे आजार, ज्यांच्या पोटात आहे ते शब्द: सिली, व्हिलन, स्किल, थ्रिल. काळ्या दोऱ्यात के-एन. नाइट आणि नेव्ह, दोघांचाही अर्थ मुळात नुसता पोरगा. पुढे एक सरदार झाला आणि दुसरा लबाड. पिवळ्या दोऱ्यात एल-ई-डब्ल्यू, जी क्ल्यूच्या जुन्या रूपात असतात. आणि जांभळ्या दोऱ्यात एच-यू-एस. त्याच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे, कारण स्फोट तिथे झाला.

एकूण सहाशे बारा चिठ्ठ्या आणि त्रेचाळीस दोरे. गिऱ्हाइकांनी विचारलं, “बाई, भिंतीवर हे काय?” तर बाई म्हणायच्या, “मापं आहेत.”

हे सगळं आता पुस्तक होणार होतं. वाचनालय दर वर्षी आपल्या एका वाचकाची पुस्तिका छापायचं, आणि यंदा ग्रंथपालबाई स्वतः चिठ्ठ्या बघायला यायच्या होत्या. पसंत पडल्या तर कव्हरवर नाव. टेलरबाईंचं वय एकाहत्तर. त्यांनी शिवलेले कोट घालून लोक मोठमोठ्या खुर्च्यांत जाऊन बसले, पण कोटाच्या आत टेलरबाईंचं नाव कोणी शिवलं नाही. एकदा, फक्त एकदा, स्वतःचं नाव छापलेलं बघायचं होतं, तेही मोठ्या अक्षरांत. त्या हे कोणाला बोलल्या नव्हत्या. (नवऱ्याला तर नाहीच. त्यांनी विचारलं असतं, “अर्ज भरलास का?”)

ग्रंथपालबाई यायच्या त्याच्या आदल्याच दिवशी दाढेने डोकं वर काढलं.

डॉक्टरांनी दाढ काढली, तिच्या जागी कापसाचा बोळा कोंबला आणि म्हणाले, “घट्ट दाबून धरा. दोन तास अजिबात बोलायचं नाही. जमेल ना?”

बरोबर आलेल्या लेकीने मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं.

दुपारी एक वाजता लेक बाईंना दारात सोडून आपल्या घरी गेली. शिवणाच्या खोलीचं दार उघडं. भिंत बोडकी. त्रेचाळीस खिळे नुसते उभे, आणि खाली फरशीवर रंगीत दोऱ्यांचा ढीग, न्हाव्याच्या दुकानात केस पडावेत तसा. कापायच्या टेबलाशी बाह्या दुमडून तपासनीस बसलेले. पुढे चिठ्ठ्यांच्या चवड्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या.

“आलीस? आधी बस,” ते म्हणाले. “दुखतंय का? दुखणारच. पण हे बघितलंस की थांबेल.”

बाई बसल्या नाहीत.

“किती पसारा होता गं तुझा. आता बघ, ए पासून झेडपर्यंत. उद्या त्या बाई आल्या की मागतील तो शब्द अर्ध्या मिनिटात. तू कात्री कुठे ठेवतेस देव जाणे. शेवटी नखं काढायच्या कटरने एकेक दोरा कापला. अडीच तास लागले.”

“म्म्म,” टेलरबाई म्हणाल्या.

“अगं, आभार कसले त्यात.”

“म्म्म्म.”

“थकलो नाही, नाही. सवय आहे. बरं, दुसरं ऐक. तुझ्याकडून बऱ्याच चुका झाल्या होत्या. एकशे अठ्ठेचाळीस. घाबरू नकोस, लेकीच्या शाळेतली डिक्शनरी घेऊन सगळ्या दुरुस्त केल्यात. प्रत्येकीवर सही आहे.”

बाईंनी वरची चिठ्ठी उचलली. ‘नाइस’. खाली त्यांच्या हातचं निळं: ‘अडाणी, मूर्ख.’ त्याच्यावर आडवी तांबडी रेघ. तांबड्यात: ‘चूक. छान.’ आणि सही, मंजुरीची असते तशी, शेपटीवाली.

त्यांनी दुसरी उचलली. ‘व्हिलन’. निळं: ‘शेतावर राबणारा माणूस.’ तांबडं: ‘चूक. खलनायक.’ सही.

तिसरी. ‘सिली’. निळं: ‘सुखी, देवाचा लाडका.’ तांबडं: ‘चूक. वेडगळ.’ सही.

मग एचच्या चवडीत त्यांनी हात घातला आणि जांभळ्या दोऱ्यातली ती चिठ्ठी बाहेर काढली. शब्द होता ‘हझी’. या एका शब्दावर टेलरबाईंचे तीन महिने गेले होते. हजबंड आणि हझी, दोघांत तीच एच-यू-एस, दोघंही घर या एकाच शब्दातून निघालेले. तो घरधनी, ही घरधनीण. पुढे चारशे वर्षांत त्याचं काही बिघडलं नाही, तो होता तिथेच बसून राहिला. आणि ही घर झाडता झाडता ‘निर्लज्ज बाई’ झाली. कोणी केली, कशाबद्दल केली, कोशात काही नव्हतं. बाईंनी निळ्या शाईत जपून लिहिलं होतं: ‘घरधनीण.’

त्याच्यावर रेघ. तांबड्यात: ‘चूक. उनाड, निर्लज्ज बाई.’ आणि खाली शेरा: ‘असा घोटाळा पुन्हा होऊ नये.’ सही.

संताप माणसाच्या तोंडातून बाहेर पडतो म्हणून माणूस वाचतो. टेलरबाईंच्या तोंडात कापूस होता. तो काढावा तर रक्त थांबायचं नाही, आणि उद्या ग्रंथपालबाईंसमोर सुजलेलं थोबाड घेऊन बसावं लागलं असतं. एकावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी इतकं कधी काही गिळलं नव्हतं. तपासनीस समोर हसत उभे, शाबासकीची वाट बघत.

बाईंनी खुर्ची ओढली, निळं पेन उघडलं, आणि तांबड्या सहीच्या खाली जी थोडीशी जागा उरली होती तिथे लिहायला बसल्या.

‘हझी’खाली त्यांनी लिहिलं: ‘चारशे वर्षं तुमची बनियनं धुतली की ही पदवी मिळते. तपासणाऱ्याने आपली बनियनं आजपासून स्वतः तपासावीत.’

‘व्हिलन’खाली: ‘राबणाऱ्याला खलनायक कोणी ठरवलं? जो राबत नव्हता त्याने. खुर्चीत बसून. तांबड्या शाईने.’

‘नाइस’खाली: ‘तुम्ही आज जे केलंत ते फार नाइस आहे. अर्थ वरचा, खालचा नव्हे.’

‘सिली’: ‘सुखी आणि वेडगळ ही एकच बाई. लग्नाच्या आदल्या दिवशीपर्यंत ती मी होते.’

‘स्मार्ट’ आला. निळं: ‘झोंबणारं, ठणकणारं.’ तांबडं: ‘चूक. हुशार.’ बाईंनी गाल दाबून धरला आणि लिहिलं: ‘मग माझी हिरडी आत्ता खात्यात साहेब व्हायला हवी.’

तपासनीस मागून डोकावले. “काय लिहितेस? पोच देतेस का? पोच हवीच. तारीख घाल.”

बाईंनी तारीख घातली.

दोन तास झाले, कापूस निघाला, रक्त थांबलं होतं. आता बोलता येत होतं. तपासनीसांनी चहा पुढे केला. बाई म्हणाल्या, “मला अजून त्र्याण्णव उरलेत,” आणि पुन्हा मान खाली घातली. बोलून काय होतं, हे त्यांना माहीत होतं. बोललेलं या माणसाच्या अंगावरून एकावन्न वर्षं पाण्यासारखं गेलं. कागदावरचं मात्र तो वाचतो.

‘ल्यूड’वर त्या थांबल्या. तोही पिवळ्या दोऱ्यातला, क्ल्यूचा शेजारी. निळं: ‘जो शिकलेला नाही तो.’ तांबडं: ‘चूक. अश्लील.’ या चिठ्ठीवर विनोद सुचला नाही. त्यांनी लिहिलं: ‘मी चौथीत शाळा सोडली ती धाकट्या भावंडांना सांभाळायला. शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना काय काय नावं ठेवली ते मी या कोशात अकरा वर्षं वाचते आहे. तुम्ही फक्त सही केलीत.’

संध्याकाळी लेक आली. तिने आधी भिंत बघितली, मग फरशी, मग आईचं तोंड.

“आई, बाबांनी चांगल्या मनाने केलं गं.”

“चांगल्या मनाने घर पेटवलं तरी जळतंच.”

“मी काय म्हणतो,” तपासनीस म्हणाले. त्यांनी आतापर्यंत साठ-सत्तर चिठ्ठ्या वाचल्या होत्या आणि त्यांचा चेहरा, बिनसहीचा अर्ज आल्यावर व्हायचा तसा झाला होता. “जुना अर्थ म्हणजे पूर्वीचा खरा अर्थ, हे तू आधी सांगितलं असतंस तर.”

“अकरा वर्षं सांगते आहे.”

“लेखी?”

लेकीने बापाला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं, म्हणून ते वाक्य तिथेच राहिलं.

बाईंचा बेत साधा होता. उद्या ग्रंथपालबाईंच्या पाया पडायचं, महिनाभर मुदत मागायची, एकशे अठ्ठेचाळीस चिठ्ठ्या कोऱ्या कागदावर पुन्हा उतरवायच्या आणि हे निळं-तांबडं चुलीत घालायचं. अकरा वाजता त्या यायच्या होत्या. त्या दहालाच आल्या, आणि बाई दारात दुधाची पिशवी घेऊन उभ्या असताना तपासनीसांनी पाहुण्यांना थेट शिवणाच्या खोलीत नेऊन बसवलं. (मदत म्हणून.)

बाई आत येतात तो ग्रंथपालबाईंच्या एमपर्यंतच्या चवड्या उलटून झालेल्या. त्यांचा चष्मा टेबलावर, पदर तोंडावर, आणि खांदे हलताहेत.

“पाणी आणू का?” टेलरबाई घाबरून म्हणाल्या.

ग्रंथपालबाईंनी हाताने नको म्हटलं. त्यांना बोलता येत नव्हतं. शेवटी डोळे पुसून त्यांनी एक चिठ्ठी वर धरली. “‘पोच मिळाली. सही कळली. अक्कल शोधते आहे.’ बाई, हे तुम्ही लिहिलंत?”

“ते छापायचं नाही. मी सगळं पुन्हा लिहून देणार आहे. स्वच्छ. दोऱ्यात ओवून.”

“हात लावू नका. हे असंच छापायचं. वर निळं, मध्ये तांबडं, खाली निळं.”

“ही काय थट्टा आहे?” टेलरबाईंचा आवाज चढला, आणि हिरडीत कळ गेली. “अकरा वर्षं मी एकेक शब्द निवडलाय. हे माझं आणि यांचं भांडण आहे. भांडण कोणी पुस्तकात घालतं?”

“नुसते शब्द छापले तर वाचनालयाचं मंडळ म्हणेल, कोशात आहेत की. हे कोशात नाही.”

“आणि नाव?”

बाईंच्या तोंडून ते निसटलंच.

“तुमचं नाव,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “पूर्ण. कव्हरवर, मोठ्या टाइपात.”

“एकटीचं?”

तपासनीस खाकरले. “त्यात माझ्याही एकशे अठ्ठेचाळीस नोंदी आहेत. सहीनिशी.”

“तुमचं तांबड्यात छापू,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “चूक म्हणून.”

टेलरबाईंनी अकरा वर्षांच्या मेहनतीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा मेहनतीकडे. त्यांना शब्दांचं पुस्तक हवं होतं; समोर भांडणाचं होतं. पण शब्द त्यातही होते, सगळे, जुन्या अर्थासकट. लोक भांडण वाचता वाचता हझीपाशी येतील, ल्यूडपाशी येतील, आणि थांबतील. त्यांनी होकार दिला. मात्र तो इतक्या रागाने दिला की ग्रंथपालबाई नकार समजून पिशवी उचलायला लागल्या.

तीन महिन्यांनी पुस्तिका आली. कव्हरवर टेलरबाईंचं नाव, बोटभर उंचीचं. ते त्यांनी खिडकीशी नेऊन बघितलं, दिव्याखाली बघितलं, आणि मग घरात कोणी नाही असं बघून एकदा बोटाने गिरवलं. दुसऱ्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून त्या वाचनालयात गेल्या. शब्दकोशांच्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. पुस्तिका तिथे नव्हती. ती होती दाराजवळच्या फळीवर, आणि फळीवर पाटी होती: ‘विनोदी’.

टेलरबाई ग्रंथपालबाईंच्या टेबलावर पोचल्या तेव्हा खालच्या मजल्यावरच्या लोकांनीही माना वर केल्या.

“माझं पुस्तक त्या फळीवर कोणी ठेवलं?”

“मी.”

“ते कोशांत ठेवा. आत्ता.”

“ठेवते,” ग्रंथपालबाई शांतपणे म्हणाल्या. “त्या कपाटाची किल्ली हरवून चार वर्षं झाली. अजून कोणी मागायला आलेलं नाही. शोधू का?”

टेलरबाईंनी कपाटाच्या कुलपाकडे बघितलं.

“पाच प्रती घेतल्या होत्या. चार बाहेर गेल्यात. पाचवी तिकडे.”

खिडकीजवळच्या बाकावर एक गृहस्थ पुस्तिका घेऊन बसले होते. साठीचे असावेत. मध्येच मांडीवर थाप मारायचे, रुमाल काढायचे, डोळे टिपायचे आणि पान उलटायचे. टेलरबाईंचा राग तिथल्या तिथे निम्म्यावर आला. अनोळखी माणूस त्यांचं पुस्तक वाचत होता. त्या जाऊन त्याच बाकावर जरा अंतर ठेवून बसल्या.

“चांगलं आहे का हो?” त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“फार,” गृहस्थ म्हणाले. “ही बाई म्हणजे नुसती मिरची आहे. आणि तो नवरा, अरेरे. माझ्या मेहुण्यासारखा अगदी.”

“हझी वाचलंत?”

“काय?”

“हझी. एच-यू-एस. किंवा ते ल्यूड. पान एकोणचाळीस.”

गृहस्थांनी पानं चाळली. “हां, ते बनियनवालं. वाचलं की. ते वरचं नाही बघितलं, त्या शब्दांचं वगैरे. मी एकदम खालच्या निळ्यावर येतो.”

“कोणाचं आहे पुस्तक?” टेलरबाईंनी विचारलं.

त्यांनी पुस्तिका मिटली, पण अंगठा नेमका कव्हरवरच्या नावावर होता. “असेल कोणीतरी. कोणाची तरी बायको.” मग त्यांना शेजारच्या म्हाताऱ्या बाईंची दया आली असावी. “घ्या, तुम्ही न्या घरी. माझं होतच आलंय. फक्त एक सांगतो, बाई. मधले ते इंग्रजी शब्द गाळून वाचा. त्यांच्यापायीच पुस्तक थोडं लांबलंय.”